वखराच्या पासेचं खरं माप

ड्रॉइंगच्या सरावात व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) आणि पायऱ्यांचे ठोकळे कागदावर काढून झाले, आता घरचा लोखंडी वखर समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन चित्रांत काढायला घेतलाय. मृगाआधीची वखरणी आटोपून तो गोठ्याला टेकून उभा आहे, त्यामुळे मापं निवांत घेता येतात.

चित्रांची मांडणी फर्स्ट अँगल पद्धतीचीच. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) एसपी 46 या ड्रॉइंगच्या नियमपुस्तिकेत तीच आहे आणि आयटीआयतही तीच शिकवतात. वस्तू आपल्या नि प्रतलाच्या (ज्या सपाटीवर चित्र पडतं तिच्या) मधे असते, म्हणून डावीकडून पाहिलेलं चित्र उजवीकडे पडतं आणि प्लॅन (वरून दिसणारं चित्र) एक्सवाय रेषेच्या, म्हणजे उभं आणि आडवं प्रतल मिळतात त्या रेषेच्या, खाली येतो. हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

खरी गंमत पासेत, म्हणजे वखराच्या पात्यात आहे. पास 60 मिमी रुंद, जमिनीशी 30 अंशांत कललेली. तिची लांबी एलिव्हेशन (समोरचं चित्र) आणि प्लॅन दोन्हींत खरी दिसते, रुंदी मात्र समोरून 30 मिमी भरते आणि वरून 52. बाजूने पाहिलं की अख्खी पास एका तिरक्या रेषेत मिटते, आणि त्या रेषेची लांबी बरोबर 60! बोल्टाचं 12 मिमीचं गोल भोक प्लॅनमध्ये 12 बाय 10.4 चं लंबवर्तुळ होतं, एलिव्हेशनमध्ये 12 बाय 6 चं. गावातल्या लोहारकाकांना कागद दाखवला, तर त्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं: "हे चपटं भोक पाडू कसं, भाऊ?"

त्यांच्यासाठी ऑक्झिलरी व्ह्यू, म्हणजे पासेकडे काटकोनात पाहिलेलं जादाचं चित्र काढलं. साइड व्ह्यूमधल्या तिरक्या रेषेला समांतर नवी संदर्भरेषा आखली, तिच्यावर काटकोनात प्रोजेक्टर (बिंदू पुढे नेणाऱ्या रेषा) टाकले, लांबीकडची मापं एलिव्हेशनमधून डिव्हायडरने उचलून मांडली. पास आपल्या खऱ्या आकारात उघडली आणि भोकं गोल झाली. इतका आनंद मला आजवर कुठल्याच शीटने दिला नव्हता. गणितज्ञ गास्पार मोंजने फ्रान्समध्ये किल्लेबांधणीच्या कामात वस्तू अशा चित्रांनी दाखवण्याच्या भूमितीचा पाया घातला आणि लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. 1799 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. गुपित का ठेवली असेल, ते हा व्ह्यू काढताना पटतं.

आता तिफण, म्हणजे तीन नळ्यांचं पेरणीचं अवजार. चाड्यातून (बी सोडायच्या वाटीतून) खाली उतरणाऱ्या कडेच्या दोन नळ्या कुठल्याच प्रतलाला समांतर नाहीत, म्हणजे तिन्ही व्ह्यूंत त्यांची लांबी आखूडच दिसणार. नळीची मधली रेषा प्लॅनमध्ये एक्सवायला समांतर होईपर्यंत फिरवायची आणि एलिव्हेशनमध्ये खरी लांबी वाचायची, असं ठरवलंय. कुणी तिफण काढली असेल तर नळ्यांची टोकं कशी दाखवली, ते जरूर सांगा.