सव्वीस फर्मे

कादंबरी सुरू केली २००९ मध्ये. विषय घरचाच. उजनीच्या पाण्यात गेलेलं भीमेकाठचं आमचं गाव आणि तिथून उठून माळावर आलेली माणसं. दीडशे पानं वर्षभरात झाली, मग पुनर्वसनाच्या प्रकरणाशी लिहिणं अडलं ते अडलंच. नोकरी, बदल्या, आईचं आजारपण. बाड कपाटात पडून राहिलं.

२०१६ च्या दुष्काळात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी तळाशी गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं. अण्णांना घेऊन गेले. लोक देवळाचे फोटो काढत होते. अण्णा भेगाळलेल्या गाळात उभे राहून भलतीकडेच बघत होते. म्हणाले, "आपली हीर तिकडं हुती. चिंचंखाली." त्या रात्री कपाट उघडलं. खर्डा पुरा व्हायला आणखी तीन वर्षं लागली.

जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, नवा युनिकोडमध्ये. एकत्र करताना जोडाक्षरं फुटली, ती जुळवण्यात एक उन्हाळा गेला.

पहिल्या प्रकाशकांकडून आठ महिन्यांनी साभार परत. दुसरे छापायला तयार होते, पण तीनशे प्रती मी विकत घ्यायच्या. पैसे उभे करता आले असते. तरी नाही म्हटलं. हे पुस्तक कुणीतरी वाचून, पटलं म्हणून काढावं, ही माझी आस होती आणि आजही आहे.

तिसरीकडूनही नकारच आला, पण सोबत संपादकांचं दोन पानी पत्र होतं. सव्वीस फर्मे (एक फर्मा म्हणजे छापील सोळा पानं) फार होतात, वीसच्या आसपास आणा, मग पुन्हा वाचू. आणि शेवटी एक प्रश्न : माळावर आल्यावर बायका पाणी कुठून आणत होत्या?

मी सुन्न झाले. चारशे सोळा पानं पाण्यावर लिहिली होती आणि नेमकं हेच त्यांत नव्हतं. चुलतीकडे जाऊन बसले. ती म्हणाली, "धरण डोळ्याम्होरं, अन् आमी हापशाला नंबर लावून. रातच्याला बी." चार दुपारी ती बोलत राहिली, मी लिहून घेत राहिले. अडलेलं प्रकरण तिच्या बोलण्यातून सुटलं. त्याच्यासाठी सुरुवातीची कचेऱ्यांमधली ऐंशी पानं काढून टाकली, तेव्हा हात थरथरला, पण आता त्यांची आठवणही येत नाही.

एकवीस फर्म्यांची संहिता त्याच संपादकांकडे पाठवून पाच महिने झाले. अण्णा दर रविवारी फोनवर विचारतात, "हिरीचं ठिवलंस न्हवं?"

ठेवलंय, अण्णा.