साधनकेरीत बेंद्रे अज्जांच्या घरी
आज धारवाडला साधनकेरीत कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचं घर पाहिलं. घरात मराठी बोलणारा हा माणूस 'अंबिकातनयदत्त' या नावानं कन्नडमध्ये लिहीत राहिला, तेही पुस्तकी नव्हे, बाजारातल्या धारवाडी बोलीत. १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते 'नाकुतंती' या कवितासंग्रहाला. सोलापूरच्या डीएव्ही कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षं कन्नड शिकवलं, हे आपल्याकडे कितीजणांना माहीत असतं?

नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' हा कन्नड काव्यशास्त्राचा ग्रंथ कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. (सीमावादवाल्यांनी शांतपणे घ्यावं!)

तिथल्या एका काकांनी बेंद्र्यांची कविता चक्क ताल धरून म्हणून दाखवली. अर्थ निम्माच कळला, पण ठेका थेट जात्यावरच्या ओवीचा. सर्वज्ञ या जुन्या कन्नड कवीच्या त्रिपदी (तीन ओळींची पदं) देवनागरीत कुठे मिळतील, कुणी सांगेल का?