विंडोज ११ ला ‘नाही चालत’ म्हणणारा पीसी फेकायच्या आधी बायोस उघडून बघा

गेल्या दिवाळीपासून ओळखीतला प्रत्येक जण एकच विचारायलाय, “विंडोज १० बंद झालं म्हणे, आता नवीन पीसी घ्यावा लागतो का?” तर पहिलं हे सांगतो की काहीच बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे दर महिन्याला येणारे सिक्युरिटी अपडेट आता आपोआप येत नाहीत, बास. पीसी सकाळी चालू होतो, टॅली उघडते, प्रिंट निघते. फक्त नवीन एखादी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही, आणि ज्या पीसीवर बँक आणि जीएसटी दोन्ही चालतं तिथं हे फार दिवस चालवून घेण्यात अर्थ नाही. जुलै २०१५ ला आलेली सिस्टिम दहा वर्षं चालली, वाईट नाही.

आमच्या घरचा पीसी २०१९ चा. असेम्बल केलेला, आय५ नववी जनरेशन, ८ जीबी रॅम, ४८० जीबीचा एसएसडी. मायक्रोसॉफ्टचं ते पीसी हेल्थ चेक नावाचं फुकटचं ॲप चालवलं तर ते म्हणालं विंडोज ११ ला हा पीसी बसत नाही. सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानात स्क्रीनचा फोटो पाठवला तर पाचच मिनिटांत व्हॉट्सॲपवर नवीन पीसीचं कोटेशन हजर! पीसीची जनरेशन कुठली, बोर्ड कुठला, काही विचारणं नाही. आता दुकानदाराचा धंदा आहे, त्याचं तो करणार, पण मला ते पटेना, कारण इंटेलची आठवी जनरेशन आणि त्यापुढचे जवळपास सगळे प्रोसेसर त्यांच्या यादीत आहेत आणि आमचा तर नववी.

विंडोज ११ ला काय काय लागतं ते एकदा नीट बघितलं की निम्मी भीती जाते. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, हे तर सगळ्यांकडं असतंच (४ जीबीवर चालवू नका मात्र, वैतागाल). इंटेल आठवी जनरेशन नाहीतर रायझन २००० सिरीजपासून पुढचा प्रोसेसर. आणि मग खरी अडचण करणाऱ्या तीन गोष्टी, टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि युईएफआय (एकेक करून खाली सांगतो). प्रोसेसर यादीत नसेल तर विषय संपला, पण या तीन गोष्टी बहुतेक वेळा मशीनमध्ये असतातच, फक्त बंद करून ठेवलेल्या असतात. आमच्याकडं तेच निघालं.

टीपीएम म्हणजे पासवर्ड, एन्क्रिप्शन वगैरेच्या गुप्त किल्ल्या बाकीच्या सिस्टिमपासून वेगळ्या सांभाळणारी चिप. लोकांना वाटतं ती विकत आणून बोर्डवर बसवायला लागते. २०१८-१९ च्या इंटेल बोर्डात हे काम फर्मवेअरमधूनच, म्हणजे बोर्डात भरून आलेल्या सॉफ्टवेअरमधूनच होतं, बायोसमध्ये (पीसी चालू होताना डिलीट बटण दाबत गेलं की उघडणारं बोर्डाच्या सेटिंगचं पान) त्याचं नाव पीटीटी, एएमडीवाल्यांकडं एफटीपीएम. आमच्या बोर्डात ते पेरिफेरल्सच्या मेनूत खाली कुठंतरी डिसेबल्ड म्हणून गपचूप बसलेलं. एनेबल केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, विंडोजमध्ये येऊन रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकलं तर लगेच दिसलं, स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०. कोटेशनमधला निम्मा आकडा तिथंच उडाला म्हणायचा.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र इथं थांबा. तुमच्यात बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला विंडोजनं लावलेलं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावल्यावर तो रिकव्हरी की मागू शकतो, ४८ आकडी. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह आहे का बघा, कागदावर लिहून घ्या आणि मगच पुढं जा.

आता सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना भलतंच काही आत शिरू न देणारी सोय. तो चालू व्हायला पीसी युईएफआय मोडमध्ये (पीसी सुरू करायची नवी पद्धत) पाहिजे आणि आमचा होता लेगसीमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत. एमएसइन्फो३२ टाकलं की बायोस मोड म्हणून एक ओळ दिसते, तिथं लेगसी असेल तर समजायचं की विंडोज टाकताना जुन्या पद्धतीनं टाकलंय आणि डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या प्रकारची आहे. असेम्बल पीसीत हे लई ठिकाणी सापडतं, कारण दुकानात एकच जुना पेनड्राइव्ह असतो आणि शंभर पीसीत तोच फिरतो. इथं बहुतेक जण सांगतात फॉरमॅट मार, जीपीटी (विभागणीचा नवा प्रकार) कर, नवीन टाक. पण फॉरमॅट आमच्याकडं चालणार नव्हतं, त्याचं कारण अण्णा.

अण्णा रिटायर झाल्यापासून गल्लीतल्या लोकांचे अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, मंडळाचे अहवाल, सगळं टाईप करून देतात, आणि ते सगळं जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरवर, युनिकोड (आता सगळीकडं सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये. हे फॉन्ट कसे चालायचे तर इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती फाईल इंग्रजीच, फक्त दिसायला मराठी. फॉन्ट गेला की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी नुसते कंस, स्वल्पविराम आणि उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं दिसतात. कृतिदेवमधली फाईल कोणी मेल केली आणि आपल्याकडं तो फॉन्ट नसला की काय दिसतं ते आठवा, तसंच. सॉफ्टवेअरची सीडी कधीच गायब झालेली, डोंगल तेवढा, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लावून ठेवावी लागणारी किल्ली, सीपीयूच्या मागं लटकतोय. म्हणजे फॉरमॅट मारला की वर्षानुवर्षांच्या फाईली डोळ्यांसमोर असून वाचता यायच्या नाहीत. अण्णांचं म्हणणं तर फार साधं, “चालायलंय की सगळं, मग हात कशाला लावायलास बे?” आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून ठरवलं की जे करायचं ते चालू विंडोजवरच, काही न पुसता. आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले अण्णांचे सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतले, फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, आणि सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डरपण उचललं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं एक टूल दिलंय, ते डेटा न पुसता एमबीआर डिस्क जीपीटी करून देतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा, आधी व्हॅलिडेट चालवायचं, त्यात पास झालं तरच कन्व्हर्ट. दोन्हींच्या पुढं अलाऊफुलओएस जोडायला लागतं, नाहीतर ते चालू विंडोजमधून चालायलाच तयार होत नाही.

व्हॅलिडेट फेल.

याचं कारण शोधायला मजा आली. आपल्याकडं दुकानात पीसी बनवताना सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून देतात ना, गिऱ्हाईकालाही तेच लागतं, भावकीत वाड्याची वाटणी करावी तसं, सी मध्ये विंडोज, डी मध्ये कामाचं, ई मध्ये फोटो आणि एफ मध्ये पिक्चर. एमबीआर डिस्कवर मुख्य पार्टिशन चारच बसतात, त्यातलं एक सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचं छोटं विंडोज स्वतःच घेतं, मग सी, डी झाले की उरलेल्या जागेचं एक एक्स्टेंडेड पार्टिशन होतं आणि ई आणि एफ त्याच्या पोटात जातात. आणि हे टूल एक्स्टेंडेड पार्टिशन असलं की हातच लावत नाही, मुख्य पार्टिशन पण जास्तीत जास्त तीनच चालतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, ज्याच्याभोवती हिरवी चौकट आहे तेच ते. ई आणि एफ मधलं सगळं बाहेर काढलं, दोन्ही डिलीट केले, तर तिथं फिकट हिरवी रिकामी जागा उरते, तीसुद्धा परत एकदा डिलीट करायची, मग ती काळ्या पट्टीची अनअलोकेटेड होते. हे दुसऱ्यांदा डिलीट करणं लोक विसरतात आणि मग टूलला शिव्या देतात. एवढं झाल्यावर व्हॅलिडेट एका झटक्यात पास, कन्व्हर्टला मिनिटभरसुद्धा लागला नाही.

कन्व्हर्ट झाल्यावर लेगसीमध्ये पीसी परत सुरू होत नाही, म्हणून घाबरू नका, रिस्टार्ट करताना डिलीट बटण दाबत सरळ बायोसमध्ये जायचं, सीएसएम (लेगसी पद्धत चालू ठेवणारं सेटिंग) बंद करायचं, मग सिक्युअर बूट चालू करता येतं. (लई जुनं ग्राफिक्स कार्ड घातलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच काळी राहू शकते, आमच्याकडं ऑनबोर्ड आहे म्हणून प्रश्न नव्हता.) हेल्थ चेक परत चालवलं तर सगळीकडं हिरव्या टिका. खर्च शून्य रुपये.

त्यानंतरचं अपग्रेड म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. इन्स्टॉलेशन असिस्टंट उतरवला, विंडोज ११ चं २५एच२ व्हर्जन आलं, बराच वेळ टक्के मोजत बसला, दोन-तीनदा रिस्टार्ट झाला आणि झालं. प्रॉडक्ट की वगैरे काही मागितलं नाही, ओरिजिनल विंडोज १० असलं की अपग्रेड फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्तीपण झाली नाही, जुनं लोकल अकाउंट तसंच पुढं आलं. लाईटचं मात्र बघा. मी मुद्दाम रात्री जेवणं झाल्यावर बसलो आणि पीसी इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकला, आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि उन्हाळ्यात तर हे काम काढूच नका, मार्चनंतर दुपारी सोलापुरात माणसाचंच टेम्परेचर वाढतं, सीपीयूचं काय घेऊन बसलात.

अण्णांचे फॉन्ट जागेवर, फाईली जशाच्या तशा उघडल्या, डोंगलपण ओळखला. एकच गोष्ट अडली. विंडोज सिक्युरिटीत मेमरी इंटिग्रिटी म्हणून, घातक सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यात शिरू न देणारं एक सेटिंग असतं, ते चालू करायला गेलो तर म्हणालं एक ड्रायव्हर जुळत नाही, आणि तो ड्रायव्हर डोंगलचा. ते सेटिंग बंदच ठेवलंय. सिक्युरिटीवाले नाक मुरडतील, पण डोंगल काढला की अण्णांचं काम बंद, आणि त्या सॉफ्टवेअरचा नवा ड्रायव्हर कुठं मिळेना. हळूहळू जुन्या फाईली युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सुरुवात केलीय. अण्णा स्वतः मात्र युनिकोडवर येतील असं वाटत नाही, बोटांना बसलेला कीबोर्ड या वयात कोण बदलतो.

नवीन विंडोजमध्ये आवडलं काय, तर फार काही नाही खरं. सुरू होतं जरा पटकन, त्याचं श्रेय एसएसडीला. स्टार्ट बटण मधोमध येतं, ते सेटिंग्जमधून डावीकडं नेता येतं, तेवढं पहिल्या दिवशी करून टाका म्हणजे घरातले ओरडत नाहीत. राईट क्लिकचा मेनू आखूड केलाय, जुना पाहिजे तर शो मोअर ऑप्शन्स दाबायचं, ह्याचा मला रोज राग येतो. मराठी फोनेटिक कीबोर्ड तसाच राहिला. सरकारी फॉर्ममध्ये मंगल फॉन्ट लागतो, तो दिसला नाही तर ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका, कॅफेत पैसे देऊन टाकून घ्यायची गरज नाही.

विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर सी मध्ये दिसेल, ते घाईनं उडवू नका. पहिले १० दिवस त्याच्यामुळंच विंडोज १० वर परत जाता येतं. त्या दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन, सगळं एकदा वापरून बघा.

आता ज्यांचा प्रोसेसरच यादीत नाही त्यांचं काय. माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे दाजींच्या घरी, जुळे सोलापूरला, चौथ्या जनरेशनचा आय३ आहे, पोरगी त्याच्यावर अभ्यास करते. जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, रुफस नावाचं टूल पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची अट काढून टाकतं, यूट्यूबवर रांग लागलीय असल्या व्हिडिओंची. मी दाजींना नको म्हणालो. असल्या मशीनला अपडेटची गॅरंटी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर एवढा खटाटोप. त्यापेक्षा ईएसयू घेतलं, म्हणजे वाढीव सिक्युरिटी अपडेट, घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून सेटिंग्ज सिंक चालू केलं की फुकट, नाहीतर ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावरच एनरोलची लिंक असते, ती दिसत नसेल तर आधी विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन आहे का ते विनव्हर टाकून बघा. दाजी म्हणाले, “फुकट आहे तर मग आधी का नाही सांगितलं?” आणि चहा ठेवायला आत ओरडून सांगितलं.

ऑक्टोबरनंतर त्या पीसीवर लिनक्स मिंट टाकायचा विचार आहे. ब्राउझर, लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी यासाठी तो आय३ आरामात पुरेल, एसएसडी तेवढा घालावा लागेल. टॅली त्याच्यावर सरळ चालत नाही, पण दाजींची टॅली कारखान्यातल्या पीसीवर आहे, घरी तिचं काही काम नाही. आमच्याकडं आता ई आणि एफ परत पाडायचेत, जीपीटीवर १२८ पर्यंत पाडता येतात, चाराची अट नाही. अण्णांनी आधीच बजावलंय की पत्रिकांचं फोल्डर ई मध्येच पाहिजे, डी मध्ये ठेवलेलं चालणार नाही.