ब्रश अडकला आणि रिमची चीर सापडली

मालवणात माझं छोटं वॉशिंग सेंटर आहे, एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि मदतीला एक पोरगा. चाकाला नक्की कुठला ब्रश वापरायचा हे मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं, आणि चवथीच्या दिवसांत एक गाडी आली होती तिच्यानंतर मी हे उत्तर जरा जास्तच तळमळीने द्यायला लागलोय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस. ज्यांना माहित आहे त्यांना माहित आहे, या दिवशी सगळे चाकरमानी परतीच्या तयारीत असतात आणि निघायच्या आधी गाडी धुवून पाहिजे असते. गाड्या पण कशा, वाडीतल्या लाल चिखलातून आठवडाभर फिरलेल्या, काही तारकर्लीच्या वाळूत घातलेल्या, त्यावर खारा वारा आणि मधेच पाऊस. चाकांच्या आत तर चिखलाचे थर बसलेले असतात. हा चिखल आतल्या बाजूला एकाच ठिकाणी वाळून बसला की चाकाचं बॅलन्स जातं आणि हायवेला लागल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं, लोक मग अलाइनमेंट करून घेतात, पैसे घालवतात आणि थरथर तशीच.

तर दुपारी एक काका आले, चेंबूरला असतात, गाव आमच्याच तालुक्यातलं. सोळा इंची अलॉयची गाडी, म्हणजे साध्या लोखंडी रिमऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, आणि अलॉय डायमंड कट, म्हणजे पुढचा भाग मशीनवर कापून चकाकी आणलेला आणि वर फक्त पारदर्शक कोटिंग. काका घाईत होते, दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं.

"अरे आतला कोण बघता? वरसून मार आणि सोड. माका उद्या फाटफटी सुटूचा आसा."

मी म्हटलं काका, चाकांना जरा वेळ द्या, आधी चाकंच करतो. मी नेहमी चाकं आधी करतो, बॉडी नंतर, कारण चाकाची घाण उडून धुतलेल्या दारावर बसते. चाकाची बादली वेगळी, ब्रश वेगळे, आणि तो ब्रश चुकूनसुद्धा बॉडीला लागता कामा नये कारण त्यात वाळू आणि लोखंडाचे कण अडकलेले असतात. गाडी नुकतीच चालून आलेली असेल तर चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबतो. ब्रेकच्या गरम डिस्कवर गार पाणी मारणं वाईट आणि गरम चाकावर केमिकल मारलं तर ते जागच्या जागी वाळतं आणि डाग सोडतं.

आता ब्रशचं बोलतो, कारण मुद्दा तोच आहे.

एका चाकाला एक ब्रश पुरत नाही. टायरच्या रबराला कडक नायलॉनचा चालतो, तिथे जोर लावला तरी काही बिघडत नाही. पण तोच ब्रश लोक पुढे अलॉयवर फिरवतात आणि तिथे सगळं बिघडतं. अलॉयच्या दर्शनी भागाला मऊ ब्रश लागतो, ज्याच्या प्रत्येक तंतूचं टोक चिरलेलं असतं. असं टोक फेस धरून ठेवतं आणि ओरखडा काढत नाही. घ्यायच्या आधी मी ब्रश गालावर फिरवून बघतो, टोचला तर दुकानात परत. नट बसतात त्या खळग्यांसाठी छोटा गोल ब्रश, डुकराच्या केसांचा मिळाला तर उत्तम, पाण्यात तो आणखी मऊ होतो. रंगाऱ्याचा जाड ब्रश पण चालतो, फक्त त्याची पत्र्याची पट्टी असते तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळायची, नाहीतर केस मऊ आणि पत्रा ओरबाडतोय असं होतं.

तारेचा ब्रश अलॉयला कधीच नाही. आणि आपल्याकडे सोडणाने भांडी घासायची सवय म्हणून काही जण नारळाचं सोडण नाहीतर काथ्या घेऊन चाकं घासतात, कृपा करून नका करू. दुसरीकडे ओरखडा म्हणजे फक्त ओरखडा असेल, आपल्या किनाऱ्याला तसं नाही. कोटिंगला एकदा चीर पडली की तिथून खारट ओल आत शिरते आणि कोटिंगच्या खाली पांढऱ्या दोऱ्यासारखा गंज पसरत जातो. तो ब्रशने निघत नाही, पॉलिशने निघत नाही, सगळं कोटिंग काढून परत करावं लागतं. म्हावऱ्याचे टेम्पो येतात माझ्याकडे, बर्फाचं खारट पाणी सतत चाकांवर गळत असतं, त्यांच्या साध्या लोखंडी रिमांचं काय होतं ते बघितलं की कळतं मीठ काय चीज आहे.

राहिला शेवटचा ब्रश, आणि बहुतेक लोक नेमका हाच घेत नाहीत. चाकाच्या आतल्या गोल भिंतीसाठी लांब ब्रश, माझा अठरा इंचांचा आहे, मायक्रोफायबरच्या दाट मऊ धाग्यांचा, चाकाचे स्पोक आणि कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, यांच्या मधल्या सांदीतून चेपून आत जातो. असे ब्रश पिळलेल्या तारेवर केलेले पण मिळतात, स्वस्त असतात, पण टोकाची रबरी टोपी निघाली की उघडी तार आतून चरे पाडत जाते. दांडा प्लास्टिकचा घ्या. चारशे-पाचशे जास्त गेले तरी घ्या.

तर काकांची गाडी. आधी नुसत्या पाण्याने वाळू आणि चिखल उडवला, ब्रश लावायच्या आधी हे झालंच पाहिजे, नाहीतर आपण वाळूनेच चाक घासत असतो. मग ब्रेकची काळी भुकटी काढायचं केमिकल मारलं. ब्रेक लावला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, त्यातले लोखंडाचे बारीक कण गरम असतानाच कोटिंगमध्ये रुततात आणि मग गंजून नारिंगी ठिपके दिसतात. हे केमिकल लोखंडाला लागलं की जांभळं होतं आणि गळायला लागतं, वास मात्र कुजलेल्या अंड्यांचा. पुढच्या चाकांना जास्त जांभळं येतं कारण ब्रेकचा जास्त भार पुढेच असतो. ॲसिड मारून दोन मिनिटांत चाक पांढरं करून देणारे पण आहेत, मी ते माझ्या सेंटरमध्ये ठेवतच नाही.

डाव्या पुढच्या चाकाला पोरगा लांब ब्रश घेऊन बसला. अर्धं चाक झालं. कॅलिपरच्या मागे चाकाचा जो भाग येतो तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून आम्ही गाडी न्यूट्रलला टाकून अर्धा फेरा ढकलतो आणि राहिलेला भाग करतो. ढकलली, त्याने परत ब्रश घातला आणि थांबला.

"दादा, हयसर कायतरी अडाकता."

मला वाटलं वाळलेला चिखल असेल. मी ब्रश हातात घेऊन हळू फिरवला. चिखलावर ब्रश खरखरतो, चाक बॅलन्स करायला चिकटवलेली वजनं असतात त्यांच्यावरून तो उडी मारून जातो, हे हाताला माहित असतं. हे दोन्ही नव्हतं. एकाच जागी धागा धरला जायचा आणि तटकन सुटायचा, परत नेला की परत तिथेच. ब्रश बाहेर काढून बघितला तर दोन-तीन धागे ओढून लांब झालेले.

मोबाईलचा टॉर्च लावून स्पोकमधून आत बघितलं. आतल्या कडेला, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला, रिमचा काठ बोटाच्या पेराएवढा आत दबलेला, आणि त्या दबलेल्या जागेपासून एक केसासारखी रेघ आत येत होती. रेघ बघून नक्की सांगता येत नव्हतं, वरवरचा ओरखडा पण तसाच दिसतो. मग मी तिथे साबणाचा घट्ट फेस लावला आणि आम्ही दोघं नुसते बघत बसलो. आधी काही नाही. मग रेघेवर एक बुडबुडा आला, मोहरीएवढा, फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा आला. पोरगा म्हणाला, "दादा, हवा इली भायर."

काकांना बोलावलं. त्यांना टॉर्च दिला, खाली बसवलं, बुडबुडे दाखवले. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्याने सगळं जुळलं, येताना रात्री पावसात गाडी एका खड्ड्यात आपटली होती, मोठा आवाज झाला पण गाडी सरळ चालत होती म्हणून थांबले नाहीत. गावाला आल्यापासून या एकाच चाकाची हवा कमी व्हायची, ३३ पीएसआय भरली की दोन दिवसांत २५-२६. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून न बघता बाहेरून फेस लावला, टायरला पंक्चर नाही, व्हॉल्व्ह बदलून दिला. चीर आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार कशी.

काकू आणि दोन नातवंडं त्याच गाडीतून मुंबईला जाणार होती, पाचशे किलोमीटर, भरलेली गाडी, पावसाचा रस्ता. अशी चीर एखाद्या दुसऱ्या खड्ड्यात एकदम वाढली तर हवा हळूहळू जात नाही, एकदम जाते, आणि पुढचं चाक एकदम बसलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मी हे त्यांना असंच सांगितलं, गुळमुळीत बोललो नाही. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

मग फोनाफोनी. त्यांच्या भाच्याचं म्हणणं, कुडाळला वेल्डिंग करून मिळतं, संध्याकाळपर्यंत होईल. मी नको म्हटलं. रिमचा काठ नुसता वाकलाय तर सरळ करणारे चांगले कारागीर आहेत, त्याला माझी हरकत नाही, पण चीर गेलेल्या जागी वेल्डिंग केलं की त्या उष्णतेने आजूबाजूचा अलॉय मऊ पडतो, आणि टायरची सगळी हवा ज्या भिंतीवर दाबून असते ती ही भिंत. दुसऱ्याच्या गाडीबद्दल एवढं ठासून बोलावं का असं कोणाला वाटेल, पण नातवंडं समोर खेळत होती आणि माझ्याने गप्प बसवलं नाही.

स्टेपनी काढली तर ती लोखंडी आणि अलॉयपेक्षा लहान, वर ताशी ८०च्या पुढे जाऊ नका असा स्टिकर. ती पुढे लावायची नाही म्हणून आम्ही मागचं चांगलं अलॉय काढून पुढे घातलं आणि स्टेपनी मागे. चाकं खाली आलीच होती तर उरलेल्या तिन्ही अलॉयवर आतून लांब ब्रश फिरवला आणि फेस लावला. डावं मागचं स्वच्छ. उजव्या मागच्याचा काठ किंचित दबलेला पण चीर नाही, बुडबुडा नाही. उजवं पुढचं एकदम ठीक.

काका त्या पहाटे सुटले नाहीत. कोल्हापूरला तसंच अलॉय मिळालं, दुसऱ्या दिवशी भाचा गगनबावड्यातून जाऊन घेऊन आला. टायर चढवायच्या आधी टायरवाल्याला मी मुद्दाम सांगितलं की टायर आतून हात फिरवून बघ, आपटलेल्या जागी आतली दोरी तुटलेली असेल तर रिम नवीन घालून उपयोग नाही. टायर चांगला निघाला. नवीन रिमवर बॅलन्सिंग करून घेतलं, रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी हवा मोजली, ३३ची ३३. मग ते निघाले, आणि जाताना काकूंनी खिडकीतून विचारलं तो लांबडा ब्रश मुंबईत खय मिळता, मी म्हटलं मिळतो सगळीकडे, फक्त दांडा प्लास्टिकचा बघून घ्या आणि वापरून झाल्यावर उलटा धरून मुळातली वाळू धुवून टाका.