गंगावनाचा रंग

सहावीच्या वर्गात मी अपूर्णांकांचा गुणाकार समजावून सांगत होते आणि पहिल्या बाकावरचा एक मुलगा फळ्याकडे न पाहता माझ्या कपाळाच्या वर एकटक पाहत होता. ‘बाई, तुमच्या केसाला खडू लागलाय,’ असे त्याने शेवटी सांगून टाकले. मी तो हाताने झटकला, पदराने पुसला, मधल्या सुट्टीत नळावर जाऊन ओला हातही फिरवला. खडू काही निघाला नाही. तेव्हा मला ३८वे वर्ष चालू होते. त्यानंतरची वीस वर्षे मी तो खडू महिन्याच्या महिन्याला पुसत आले आहे.

आमच्या परभणीत या उद्योगाला कलप लावणे म्हणतात. आजोबा मात्र खिजाब म्हणत, कारण त्यांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले होते आणि १९४८ साली मराठवाडा मुक्त झाल्यानंतरही हिशेब, शिव्या आणि दाढी-मिशीची निगा या तीन बाबी त्यांच्या तोंडी उर्दूतच राहिल्या. मिशीला खिजाब लावला की ते पाऊण तास कोणाशी अवाक्षर बोलत नसत, कारण ओठ हलला की रंग ओठावर उतरे. घरातल्या बायका नेमक्या त्याच पाऊण तासात त्यांच्याकडे पैसे मागत, असे आजी सांगायची.

आईने कलपाला कधी हात लावला नाही. ती लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घालायची आणि सकाळपर्यंत ते पाणी शाईसारखे काळे व्हायचे. आवळ्यातला तुरटपणा आणि कढईतले लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांपासून शाई करण्याची जुनी युक्तीही हीच. पांढऱ्यावर काळे करणे म्हणजे लिहिणे, हा वाक्प्रचार मी मुलांना पुढे तीस वर्षे शिकवला, पण आई तो न्हाणीघरात अक्षरशः जगत होती, हे मला फार उशिरा सुचले.

माझी सुरुवात मेंदीने झाली आणि पहिल्याच खेपेला फसली. मेंदीच्या पानातले लॉसोन नावाचे द्रव्य केसाला चिकटते, पण त्याचा स्वतःचा रंग तांबूस-नारिंगी असतो. काळ्या केसावर ती झाक दडून राहते, पांढऱ्यावर मात्र उघडी पडते. मला कपाळाशी चार नारिंगी बटा मिळाल्या. फेब्रुवारीतल्या उरुसात मेंदी लावलेल्या दाढ्यांचे कितीतरी वडीलधारे लोक दिसतात आणि त्यांना ती शोभतेही, कारण ती सगळीच्या सगळी, एकसारखी आणि बेधडक रंगवलेली असते. माझी मेंदी मात्र ‘चुकून लागली’ असे सांगत होती. मग पुडीतली काळी मेंदी आणली. काळ्या रंगाची मेंदी कोणत्याही झुडपाला लागत नाही. त्या पुडीत बहुतेक वेळा कलपातलेच पॅराफिनिलीनडायअमाइन हे रसायन असते, हे मला डोक्याला दोन दिवस खाज सुटल्यावर आणि त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर कळले. तेव्हापासून नवी पुडी असो की नवी डबी, कानामागे ठिपकाभर लावून ४८ तास वाट पाहण्याचा नेम मी मोडलेला नाही. एकदा ज्याला त्याची बाधा झाली, त्याने तर तेच रसायन पुन्हा घेऊ नये, म्हणून त्याशिवायच्या रंगाचा शोध आणि त्यासाठीचा जादा खर्च माझ्या मागे कायमचा लागला.

इतके झाले तरी रंग कोणता, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. केस काळे होते, ते पुन्हा काळे करायचे, यात निवडण्यासारखे काय आहे? पुतण्याच्या लग्नातला एक फोटो पाहून मात्र मी चपापले. हिरव्या पैठणीत उभ्या असलेल्या त्या बाईच्या डोक्यावर केस नसून कोणीतरी डांबराची टोपी ठेवली आहे, असे वाटत होते. कपाळाच्या कडेने कलपाची पुसट रेघ होती, भुवया करड्या होत्या आणि त्या ठार काळ्या चौकटीत डोळ्यांखालची काळी वर्तुळे, ओठांच्या कडेच्या चुण्या, सगळे अधिकच ठसठशीत झाले होते. आपण केसांचे वय लपवतो तेव्हा चेहऱ्याची कातडीही निवलेली असते, तिचा जुना उजळपणा आणि तुकतुकी ओसरलेली असते. विशीत जो काळा रंग चेहरा खुलवत होता, तोच आता त्याच्या शेजारी उभा राहून चुगल्या करतो. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ठार काळ्याच्या खाली पंधराव्या दिवशी भांगात पांढरी रेघ उमटते आणि कुंकू भरताना आधी तीच दिसते.

त्याच उन्हाळ्यात माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले माझे गंगावन सापडले. हल्लीच्या मुलींना हा शब्द सांगावा लागतो. विंचरताना गळणारे केस आई गुंतवळ करून दाराच्या फटीत खोचून ठेवायची, पुष्कळ साठले की ते दारावर येणाऱ्या बाईकडून ओवून घ्यायची, आणि सणावाराला तो शेपटा वेणीत मिसळून वेणी लांब करायची. हे गंगावन माझ्या एकोणिसाव्या वर्षीचे, म्हणजे कलपाच्या कितीतरी आधीचे आणि शंभर टक्के माझे होते. मी ते हातात घेऊन अंगणात आले. मे महिन्याचे, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे परभणीचे ऊन होते, ज्यात कोणत्याही रंगाला खोटे बोलता येत नाही. त्या उन्हात माझे गंगावन काळे नव्हते. ते तपकिरी होते. गाभ्यात गडद, कडेला तांबूस, आणि टोकांशी तर थेट जुन्या गुळासारखे. चाळीस वर्षांत ते विटले असेल, अशी शंका आली म्हणून लेकीला बोलावून तिची वेणी उन्हात धरली. तिचीही तपकिरीच निघाली. आमच्या काळ्या रानाचेही असेच असते. पहिल्या पावसानंतर ते काजळासारखे दिसते आणि वैशाखात भेगाळले की राखट होते, तरी आम्ही त्याला बारा महिने काळीच म्हणतो. जे केस माझे कधी तितके काळे नव्हतेच, त्यांच्या नावाने मी इतकी वर्षे डबे रिकामे केले होते.

दुसऱ्या दिवशी गंगावन पिशवीत घालून मी पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने ते पाहून आधी नाक मुरडले, मग रंगांचे पुस्तक काढले. त्या पुस्तकात पानोपानी केसांच्या बोटभर लडी चिकटवलेल्या असतात आणि खाली आकडे असतात. एक म्हणजे ठार काळा, तीन म्हणजे गडद तपकिरी, चार मध्यम, पाच फिकट, असे करत दहापर्यंत आकडा चढेल तसा रंग उजळ होत जातो. टिंबानंतरचा आकडा सोनेरी, तांबूस की राखट झाक आहे ते सांगतो. गणिताच्या शिक्षिकेला दशांश अपूर्णांकात केस मोजताना झालेला आनंद मी लपवू शकले नाही. गंगावन तीन क्रमांकाशी जुळले. ‘मग तीन द्या,’ मी म्हणाले.

‘नाही काकू,’ ती म्हणाली, ‘तीन तुम्हाला तेव्हा शोभत होता. आता चार घ्या.’

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. वाणी जसा ‘हा गहू पोळीचा नाही, तो घ्या’ म्हणतो, तसा धंद्यातला स्वच्छपणा होता. एक पायरी उजळ घेतले म्हणजे चेहरा मवाळ दिसतो आणि वाढत्या मुळांची पांढरी रेघही लगेच डोळ्यांत भरत नाही, असे तिने समजावले. तांबूस झाक मात्र तिने घेऊ दिली नाही. कलपातले पेरॉक्साइड, माझ्या रंगात सहा टक्क्यांचे, केसात उरलेला मूळ रंगही थोडा उतरवते. त्यामुळे महिन्याभराने वरचा रंग फिका पडला की खालून आपोआप तांबडे डोकावते. त्यात आमचे ऊन आणि बोअरचे क्षाराचे पाणी. ‘परभणीत लाल मागायची गरज नाही काकू, ते फुकट मिळतं,’ असे ती म्हणाली. न्हाण्याचे शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्यायचे, हा तिचा सल्ला मी पाळते, नळाला पाणी आलेले असेल तेव्हा.

चार क्रमांक लावून घरी आले तेव्हा यजमानांनी वर्तमानपत्रातून डोके काढून ‘आज झोप चांगली झालेली दिसते,’ एवढेच म्हटले. रंग बदलला हे त्यांच्या अजून लक्षात आलेले नाही आणि मी या वाक्याला त्या रंगाचे प्रमाणपत्र समजते.

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी मात्र डोक्याला कधी काही लावले नाही. त्यांचे केस कापसाच्या बोंडासारखे पांढरेशुभ्र आहेत आणि माझ्या या आकडेमोडीला त्या ‘म्हातारचळ’ म्हणत आल्या आहेत. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या उभ्या करताना आम्ही दोघी समोरासमोर होतो. कोठीवर मुखवटा बसला होता, मी निऱ्या घालत होते आणि त्या वरून पदर सावरत होत्या. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी हळूच विचारले, ‘तो तुझा नंबर कोणता म्हणालीस?’

‘ताई, तुम्हाला पांढराच शोभतो,’ मी मनापासून सांगितले.

त्यांनी पदराला टाचणी लावली, माझ्या भांगाकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘मग तुला काहून नाही शोभायचा?’

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या आणि त्या पुन्हा पहिल्यापासून घालाव्या लागल्या.