देवलापारच्या पलीकडे, आपल्या विद्यार्थिनीच्या घरी

ज्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आम्ही एका संस्थेमार्फत उचलतो, तिचं गाव नागपूर जिल्ह्यातच आहे; रामटेक तालुक्यात, पेंचच्या जंगलाला लागून. नाव मुद्दाम देत नाही.

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत देवलापार साधारण 65 किलोमीटर. रस्ता चौपदरी, झकास. मनसरच्या पुढे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महामार्ग जागोजागी उचलून घेतलाय. तिथे गाडी थांबवू नका. एसटीने जाणार असाल तर गणेशपेठ स्थानकावरून बसा. गाव मात्र फाट्यापासून चांगलंच आत आहे आणि ऑटोचा भरवसा नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, पण फाटा गाठायला सायकलच. आमच्या पैशातला बराच वाटा टायर-ट्यूबवर जातो, हे तिथे गेल्यावर कळलं. सत्कारणीच लागतोय म्हणायचा.

आम्ही गेलो एप्रिलमध्ये, ऐन मोहाच्या हंगामात. आई पहाटेच टोपली घेऊन रानात गेलेली, ऊन चढल्यावर परतली. अंगणभर मोहफुलं वाळत होती, गोडसर आंबूस वास, वर माशा. आम्हाला खाट टाकायला तिने अर्धी फुलं भराभर कोपऱ्यात ओढली. वडील त्या दिवशी मजुरीलाच गेले नव्हते. 'साहेब येणार' असा निरोप होता ना! तेव्हा दिवस नाही, नेमकी वेळ कळवा. मे महिना तेंदूपत्त्याचा, जुलै-ऑगस्ट रोवणीचा. धान चुरून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जावं. शाळाही सुरू असते.

आधी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, मग घरी. एकटीसाठी ड्रेस नेऊ नका. चुलत भावंडं दारात उभी राहून बघतात. वर्गाला पुरतील एवढ्या वह्या न्या. मार्कांची चौकशी चारचौघांत तर नकोच. पोरगी आमच्याशी फार बोलली नाही, आणि तिने का बोलावं?

निघता निघता वडिलांनी हळूच विचारलं, "नापास झाली तं पैसे बंद होतीन का जी?" एवढा वेळ त्यांच्या मनात हेच होतं. संस्थेला आम्ही हे आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून "नाही, बारावीपर्यंत चालू राहतील" असं ठामपणे सांगता आलं. ते ऐकल्यावर माणूस जरा टेकून बसला. तुम्हीही जायच्या आधी संस्थेकडून याचं पक्कं उत्तर घ्या. गोलमोल बोलाल तर घरच्यांच्या जिवाला घोर.

"जेवल्याबिगर कसे जाता?" हे होणारच. भात, तुरीचं वरण, आंब्याचं लोणचं. थोडं का होईना, खा. पोट भरलंय म्हणू नका.

फोनला रेंज नाही, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा आणि फाट्यावरून परतीची शेवटची गाडी कितीची ते जातानाच कंडक्टरला विचारा. दुचाकीवर असाल तर चारलाच निघा. संध्याकाळी आतल्या रस्त्यावर रानडुकरं असतात, आणि वाघही दिसतो म्हणे. आम्हाला म्हशीच दिसल्या, पण त्याही हलायला तयार नव्हत्या.