नदी, मोडी आणि शनिवारची सकाळ

न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत रॅरिटन नदीच्या दक्षिण शाखेवर केन लॉकवुड गॉर्ज नावाची एक अरुंद, दाट झाडीची घळ आहे. तिथे मोठमोठ्या दगडांमधून वाहणाऱ्या थंड पाण्यात ट्राउट मासा राहतो. एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात या पाण्यावर हेंड्रिक्सन नावाच्या मेफ्लाय उगवतात. हा कीटक जवळजवळ वर्षभर अळीच्या रूपात नदीच्या तळाशी दगडांखाली राहतो आणि पंख फुटून वर आल्यावर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवसांचे आयुष्य येते. त्या अवस्थेत तो काही खातही नाही. दुपारी दोनच्या सुमारास पाणी थोडे उबदार झाले की या माश्या पृष्ठभागावर येऊन पंख वाळवीत वाहत जातात आणि एरवी तळाशी दडून बसलेला ट्राउट त्या टिपण्यासाठी वर येतो. मी ज्या दिवसांची वर्षभर वाट पाहतो ते हेच दिवस.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमके काय, हे गावाकडच्या मंडळींना सांगताना मी नेहमी गरीपासून, म्हणजे गळापासून, सुरुवात करतो. आमच्या कोकणात गरवायला जाणारा माणूस गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो आणि शिशाच्या वजनाने दोरी लांब फेकतो. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला आमिष नसते. पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेली एक कृत्रिम माशी असते आणि तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. नऊ फुटी काठीने ती जाड दोरी मागे-पुढे उलगडत नेली की तिच्या टोकाची माशी पाण्यावर हलकेच उतरते. त्यानंतरचे काम अधिक अवघड असते, कारण ती माशी प्रवाहाच्या गतीनेच वाहायला हवी. दोरीच्या ताणाने ती किंचित जरी ओढली गेली तरी मासा तिच्याकडे पाहतही नाही.

मी पकडलेला मासा ओल्या हातांनी सोडवून पुन्हा पाण्यात सोडतो. रत्नागिरीला राहणारी माझी ८८ वर्षांची आत्या मला दर वर्षी विचारते, "अरे, सोडायचाच आहे तर धरतोस कशाला?" मी तिला सांगतो की मासा वर आला म्हणजे मी पाणी, ऊन आणि कीटक बरोबर ओळखले, एवढे मला समजते आणि ते समजण्यासाठीच मी नदीवर जातो. तिला हे उत्तर अजून पटलेले नाही, तरीही तो प्रश्न ती आवडीने विचारते आणि मीही तितक्याच आवडीने उत्तर देतो.

या आत्यासाठीच मी माझ्या शनिवारांची मांडणी बदलली, पण त्याची सुरुवात थोरल्या काकांपासून झाली. शास्त्री नदी पुढे जयगडच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीच्या काठी आमचे मूळ गाव आहे. घराण्याची वंशावळ लिहावी असे माझ्या मनात दहा-बारा वर्षांपासून होते. थोरले काका मोडी वाचू शकत, कारण त्यांच्या लहानपणी ती शाळेत शिकवली जात असे. माजघरातल्या ट्रंकेत जुन्या नकला, कर्जरोखे आणि वाटणीपत्रे आहेत आणि सुट्टीत घरी गेलो की आपण दोघे बसून ती वाचू, असे आम्ही ठरवले होते. पुढे लागोपाठ दोन वर्षे मी वसंतातला प्रत्येक शनिवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत नदीवर घालवला. काका आहेत, कागद कुठे पळून जात नाहीत, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात काका गेले. या गोष्टीचे दुःख मला आजही आहे आणि ते लपवावे असे मला वाटत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी मोडी शिकायला बसलो, तेव्हा मी नेमके काय गमावले होते ते कळले. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरे एकमेकांत गुंफत लिहितात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मुळाक्षरे ओळखता येणे ही केवळ पहिली पायरी आहे. कागदात कोणाचे नाव असू शकते, कोणत्या वाडीचे, कोणत्या शेताचे, हे ज्याला आधीच ठाऊक असते त्यालाच ती ओळ उलगडते. इतरांना एकाच ओळीची तीन-तीन वाचने दिसत राहतात. कागद टिकतो हे खरे आहे, परंतु तो वाचून उलगडणारे माणूस टिकत नाही. म्हणून आता मी आधी माणसांकडे जातो आणि कागद मागे ठेवतो. नव्याने वंशावळ लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम आग्रहाने सुचवीन.

उन्हाळ्यात भारतातले घड्याळ आमच्या साडेनऊ तास पुढे असते. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा रत्नागिरीत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. आत्याचा चहा झालेला असतो आणि देवापुढे दिवा लावायला अजून अवकाश असतो. शनिवारचा हा एक तास मी तिच्याशी फोनवर बोलण्यासाठी राखून ठेवला आहे. हेंड्रिक्सन दुपारी उगवतात ही माझ्या दृष्टीने मोठीच सोय आहे, कारण सकाळी आत्याशी बोलून, मुलांबरोबर न्याहारी करूनही मला बारापर्यंत नदीवर पोहोचता येते. जुलै-ऑगस्टमधल्या ट्रायको नावाच्या अतिसूक्ष्म माश्या मात्र सकाळीच उगवतात आणि नऊ-दहापर्यंत त्यांचा खेळ आटोपतो. त्यांच्यावर मासेमारी करणे हे मोठे कौशल्याचे काम मानतात आणि मला ते शिकण्याची फार इच्छा होती, तरी ते मी सोडून दिले आहे. तसेही पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउटला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि अशा वेळी दमवून सोडलेला मासा पुष्कळदा जगत नाही. मी खिशात तापमापक ठेवतो. पारा त्या रेषेजवळ आला की काठी मिटवून घरी येतो. भर उन्हाळ्यातले कित्येक आठवडे त्यामुळे आपोआपच घराला आणि कागदांना मिळतात.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. दोघेही महिन्यातून एकदा माझ्याबरोबर नदीवर येतात आणि त्या दिवशी मी काठी नेत नाही. आम्ही उथळ पाण्यात दगड उलटून अळ्या पाहतो. स्टोनफ्लाय नावाच्या दुसऱ्या एका कीटकाच्या अळीला दोन शेपट्या असतात आणि मेफ्लायच्या अळीला बहुतेक वेळा तीन, हे मुलाने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवले. काठी न नेण्याची सूचना पत्नीची होती. हातात काठी असली की माझे डोळे मुलांकडे नसतात, हे तिने मला एकदा शांतपणे सांगितले आणि ते पूर्णपणे खरे होते.

मुलीला मात्र नदीपेक्षा नावांचे वेड अधिक आहे. मी टेबलावर गळाच्या कृत्रिम माश्या बांधत असतो तेव्हा ती शेजारी बसून त्यांची कुळे विचारते, आणि त्यांनाही कुळे आहेतच. इंग्लंडच्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८९० मध्ये आपल्या तरंगत्या माश्यांचे नमुने अमेरिकेत थिओडोर गॉर्डन यांना पाठवले. गॉर्डन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरातल्या नद्यांवरचे कीटक पाहून त्यांत बदल केले. त्यांनी ही विद्या रॉय स्टीनरॉड यांना शिकवली आणि स्टीनरॉड यांनी बांधलेल्या एका माशीला आपल्या मित्राचे, हेंड्रिक्सन यांचे, नाव दिले. रॅरिटनमधल्या ब्राउन ट्राउटचे मूळही परदेशातच आहे, कारण त्या माशाची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आली. इथला मूळचा रहिवासी म्हणजे ब्रुक ट्राउट. हे सगळे ऐकल्यावर मुलीने आमच्या वंशावळीचा तक्ता समोर ओढला आणि विचारले, "बाबा, यात मुली का नाहीत?"

त्या तक्त्यात खरोखरच मुली नव्हत्या. काकांनी तोंडी सांगितलेली आणि माझ्या वडिलांनी वहीत उतरवलेली ती वंशावळ बापाकडून मुलाकडे जात होती. सुनांची सासरची नावे तेवढी कंसात होती. मी चुलतभावाला तहसील कार्यालयातून जुन्या फेरफारांच्या नकला काढायला सांगितल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वारस मानले, त्यामुळे त्यानंतरच्या वारसनोंदींत त्यांची नावे सापडण्याची शक्यता असते. पणजोबांच्या पश्चात झालेल्या १९६२ च्या फेरफारात तीन मुलगे होते आणि त्यांच्याखाली दोन मुली, दोघीही सासरच्या नावाने लिहिलेल्या. काकांच्या वंशावळीत तिघेच होते.

त्या शनिवारी फोनवर मुलगी बोलली. तिने ती दोन नावे सावकाश वाचून दाखवली. आत्या बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "धाकटीला मी पाहिलेली नाही गो. थोरली माहेरपणाला यायची. ओहोटी लागली की आम्हा पोरींना घेऊन खाडीत उतरायची, तिसऱ्या काढायला. तिला पाण्याचे सगळे कळे." तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्या. थोरलीचे माहेरचे नाव आत्याला लगेच आठवेना. मुलीने तक्त्यावर पणजोबांच्या खाली दोन नव्या रेघा ओढल्या आणि थोरलीच्या रेघेखाली पेन्सिलीने "खाडी, तिसऱ्या" एवढेच लिहिले.

दुपारी मी नदीवर गेलो. माश्या उगवल्या, मासे वर आले आणि साडेचारला मी निघालो, कारण मुलीने आणखी प्रश्न काढून ठेवले होते आणि पुढच्या शनिवारी ते कोणत्या क्रमाने विचारायचे हे तिला माझ्याबरोबर बसून ठरवायचे होते.